तीर्थांतली मंडई



कोल्हापुरांत अंबाबाईच्या महाद्वारांतून बाहेर पडून थोडें चाललें कीं कपिलतीर्थाची मंडई लागते. सकाळच्या वेळीं तेथें मेथीच्या पेंड्या, वांग्यांच्या बुट्ट्या आणि गिऱ्हाइकांची घासाघीस यांची एकच गर्दी उडालेली असते. एकदां माझ्याबरोबर आलेल्या एका लहान मुलानें मला विचारलें, "तीर्थ म्हणजे पाणी ना? मग येथें पाणी कोठें आहे?" प्रश्न सरळ होता, पण उत्तर देतांना मी क्षणभर थबकलों. कारण तें नांव कोणी शोभेसाठीं दिलेलें नाहीं. आज जेथें भाजी विकली जाते, तेथें पूर्वीं खरोखरच तळें होतें. तें बुजविण्यांत आलें आणि त्या जागीं बाजार बसला. ग्रामदैवत कपिलेश्वर मात्र हलला नाहीं. त्याचें देऊळ आजही त्या मंडईंतच आहे.

देवाच्या जागेंत बाजार, हें ऐकून कांहींजणांना वाईट वाटेल. परंतु हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. दूरच्या स्कॉटलंड देशांत चर्चभोंवतालच्या आवारांत, म्हणजे जेथें पूर्वजांना मूठमाती दिलेली असे त्याच भूमींत, एके काळीं बाजार भरत. आठवड्याच्या उपासनेला पंचक्रोशींतले लोक तेथें जमत. जागा मोकळी असे. आणि देवाच्या दारीं केलेला सौदा मोडण्यास मन सहसा धजत नसे. इंग्लंडांत असे बाजार इ. स. १२८५ च्या कायद्यानें बंद करण्यांत आले, आणि स्कॉटलंडांत चौथ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत, इ. स. १५०३ च्या कायद्यानें, तशीच मनाई झाली. तरीही व्यापार चर्चपासून फार दूर गेला नाहीं. एडिंबरो शहरांतील सेंट जाईल्स चर्चच्या भिंतींना लागून दुकानें थाटलीं गेलीं. आणि शेजारच्या 'लकनबूथ्स' नांवाच्या दुकानांच्या रांगेचा शेवटचा भाग तर इ. स. १८१७ पर्यंत उभा होता!

यावरून एक गोष्ट दिसते. जेथें माणसें श्रद्धेनें जमतात तेथें त्यांच्या गरजाही त्यांच्याबरोबर येतात. आपल्या जोतिबाच्या यात्रेंत गुलालाशेजारीं खेळणीं आणि खाऊ नसतील, तर ती यात्रा कसली? म्हणून भाजीवालीनें देवाची जागा विटाळली, असें मी म्हणणार नाहीं. उन्हापावसांत बसून चार पैसे मिळविणारी ती बाई कपिलेश्वराला रोज हात जोडते. असा नित्याचा भक्त दुसरा कोणता?

माझी खंत आहे ती पाण्याविषयीं. हें शहर तळ्यांचें होतें. घरोघर नळ आले, तळ्यांची निकड संपली, आणि एकेक तळें बुजत गेलें. वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें. पण भर पावसाळ्यांत तेथें पाणी सांचतें, तेव्हां पाणी आपली जुनी जागा विसरलेलें नाहीं असें वाटतें. अंबाबाईच्या आवारांतील मनकर्णिका कुंड गेल्या शतकांत बुजवून वर बाग करण्यांत आली होती. इ. स. २०२० नंतर तें पुन्हां खोदण्यांत आलें, तेव्हां मातीखालच्या पायऱ्यांना उजेड दिसला.

कपिलतीर्थ तसें उकरावें, असें मी सुचवीत नाहीं. त्या मंडईवर अनेकांची चूल पेटते. परंतु स्कॉटलंडांतील चर्चच्या आवारांतून बाजार गेला तरी आवार राहिलें होतें. येथें बाजार राहिला आणि तीर्थच गेलें. आतां त्याची खूण नांवापुरती उरली आहे. उद्यां कोणी सोयीसाठीं त्या मंडईला दुसरें नांव दिलें, तर ही शेवटची खूणही पुसेल. तेव्हां निदान एवढें करूं या. भाजीची पिशवी भरून परततांना बरोबरच्या मुलाला सांगूं या, "बाळ, आपण आतां एका तळ्यावरून चाललों आहोंत." मीं त्या दिवशीं त्याला हेंच उत्तर दिलें. त्यानें लगेच चपला काढून हातांत घेतल्या.