आजाराचा पहिला दिवस

घरांत एखाद्याला इन्फ्लुएंझा होतो. अंग मोडून येतें, डोकें ठणकतें, थंडी वाजून ताप चढतो. आपण विषाणूला बोल लावतों. पण श्रोतेहो, हा सगळा त्रास एकट्या विषाणूचा असतो काय? त्यांतला बराचसा आपल्याच देहाचा उद्योग असतो, असें म्हटलें तर आपणांस नवल वाटेल. आज त्या उद्योगाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

विषाणूशीं लढणाऱ्या प्रतिपिंडांचें नांव लसीच्या निमित्तानें आपल्या कानांवर आलेलें आहे. परंतु अगदीं नवा विषाणु आला, तर नेमकीं प्रतिपिंडें सिद्ध व्हावयास आठवडा तरी लागतो. इकडे विषाणु एका पेशींत शिरला, कीं एका दिवसाच्या आंत त्याच्या असंख्य प्रती बाहेर पडतात. मग मधल्या दिवसांत आपण तग धरतों तो कसा?

या कोड्याचा एक धागा १९५७ सालीं लंडन येथें हातीं लागला. आयझॅक्स आणि लिंडेनमन या संशोधकांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाभोंवतालच्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले व त्यांवर उष्णतेनें निकामी केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणु सोडला. नंतर तेथील द्रव काढून ताज्या तुकड्यांना लावला, तों त्यांच्यावर जिवंत विषाणूची वाढ नीट होईना. पहिल्या पेशींनीं कांहीं पदार्थ सोडून दुसऱ्यांना सावध केलें होतें! त्या पदार्थास त्यांनीं 'इंटरफेरॉन' हें नांव दिलें.

पण पेशीला डोळे नाहींत, कान नाहींत; तिला शत्रूची चाहूल लागते कशी? आपल्या पेशींतील निरोप्या आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. इन्फ्लुएंझाच्या मूळ आरएनएला ती नसते. तेथें तीन फॉस्फेटांचें टोक उघडें असतें. 'रिग-आय' नांवाचें प्रथिन हें टोक नेमकें हेरतें. तसेंच डीएनए केंद्रकाबाहेरच्या द्रवांत भलत्या जागीं सांपडला, कीं 'सी-गॅस' हें दुसरें प्रथिन जागें होतें. शिक्क्यावांचून आलेलें पत्र आणि माजघरांत उभा असलेला अनोळखी मनुष्य गृहिणीच्या नजरेला जसे खटकतात, तसाच हा प्रकार.

इंटरफेरॉनचा निरोप पोंचला, कीं शेजारच्या पेशी शेंकडों जनुकें कामाला लावतात. कांहीं प्रथिनें आरएनएचे तुकडे पाडावयास, तर कांहीं पेशींतील प्रथिननिर्मितीच थोपवावयास सज्ज होतात. मग विषाणु आंत आला तरी त्याला कारखाना बंद आढळतो. या तयारीची किंमत मात्र आपणच मोजतों. कांहीं कर्करोगांवर औषध म्हणून इंटरफेरॉन टोचतात, तेव्हां अंगांत इन्फ्लुएंझा नसतांनाही रोग्याला तसाच ताप येतो, तशीच हुडहुडी भरते, तसेंच अंग दुखतें.

हा निरोप पोंचलाच नाहीं तर? २०२० सालीं कोविडच्या साथींत ९८७ अत्यवस्थ रोग्यांचें रक्त तपासण्यांत आलें. त्यांपैकीं १०१ जणांच्या रक्तांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारीं प्रतिपिंडें निघालीं. या १०१ जणांत ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणांवांचून संसर्ग झालेल्या ६६३ जणांत मात्र तीं एकाच्याही रक्तांत आढळलीं नाहींत. गांवांत चोर शिरावा आणि जागल्याचें तोंड आधींच बांधलेलें असावें, तशी त्या रोग्यांची गत झाली. सत्तरी उलटल्यावर अशीं प्रतिपिंडें अधिक जणांत आढळतात, हें पुढील पाहण्यांत दिसून आलें. एकाच घरांत एकच विषाणु नातवाला शिंकेवर सोडतो आणि आजोबांना रुग्णालयांत धाडतो, याच्या अनेक कारणांपैकीं हें एक.

म्हणून ताप आला कीं घाबरून जाऊं नये, आणि जीवाणूंवरचें औषध विषाणूवर चालावें असा आग्रहही डॉक्टरांपाशीं धरूं नये. रोग्यास विसांवा द्यावा, पाणी द्यावें. मात्र श्वास लागूं लागला, किंवा रोगी वयोवृद्ध असला, तर उद्यांची वाट न पाहतां डॉक्टरांना बोलवावें. कारण त्याच्या देहांतील जागल्या जागा आहे कीं नाहीं, हें आपणांस घरीं बसून ओळखतां येत नाहीं.