उभ्या चाकांचा हिशेब

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो रस्त्यावर पडून राहिलेल्या बेवारस गाड्यांचा. गणपतीत हा कसला विषय, असे एक-दोघांनी विचारलेही. पण मंडपाची आखणी करताना दोर कुठे कुठे वाकवावा लागला, ते आपल्या कार्यकर्त्यांना विचारा. धुळीने माखलेल्या, चारही टायर बसलेल्या त्या गाड्या गेल्या उत्सवातही तिथेच होत्या.

मुनिरकाचे हे डीडीए फ्लॅट बांधले तेव्हा साध्या स्कूटरसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आता एकेका घरात दोन गाड्या. गाव मुनिरकात तर गल्ल्या त्याहून अरुंद आणि भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलणारे. म्हणजे जागेची टंचाई आहेच, ती मी नाकारत नाही. पण चालणारी गाडी आणि मेलेली गाडी यांत एक मोठा फरक आहे आणि तो आपण लक्षात घेत नाही.

दिल्लीची एक चांगली पद्धत आपण सगळे पाळतो. दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावायची वेळ आली, तर हँडब्रेक न ओढता न्यूट्रलमध्ये ठेवतो. ज्याला निघायचे असेल तो ढकलून वाट करतो. (मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना याचे फार नवल वाटते!) बेवारस गाडीचे तसे नाही. तिचा हँडब्रेक गंजून बसलेला, स्टेअरिंग लॉक झालेले आणि काचेवरच्या फोन नंबरवर कोणी उचलत नाही. जरा हिशेब करून पाहा. गल्ली सहा मीटरची धरा. दोन्ही बाजूंच्या गाड्या पावणेदोन-पावणेदोन मीटर खातात, उरतात अडीच. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनी वाहनाला जास्तीत जास्त २.६ मीटर रुंदीची मुभा आहे, आणि अग्निशमनाचा मोठा बंब साधारण अडीच मीटरचाच असतो. म्हणजे सगळ्या गाड्या शिस्तीत उभ्या असतानाच बंबाची अडचण. त्यात एक मेलेली गाडी वीतभर तिरकी बाहेर आली, की तिच्यामागची सगळी गल्ली बंद.

माझी नोकरी रेल्वेच्या डब्यांची. आमच्याकडे दोन रूळ जिथे एकमेकांजवळ येतात तिथे फाउलिंग मार्क नावाची खूण असते. उभा डबा त्या खुणेच्या आतच राहिला पाहिजे. थोडा जरी बाहेर आला तरी शेजारची लाइन मोकळी आहे असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यावर अशी खूण नाही. त्यामुळे गाडी कुठवर चालते आणि कुठून पुढे अडवते, हे बंब किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत कोणाला कळत नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक सोडून दिलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याची अथवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. दहा तास, दहा महिने नव्हे! उचलण्याचा खर्च मालकाचा. आणि हे अधिकार पोलिसांचे आहेत. वसाहतीच्या चौकीदाराने सार्वजनिक रस्त्यावर स्वतः विकत आणलेला जॅमर लावणे या कलमात बसत नाही.

त्याच कलमाचे दुसरे पोटकलम मात्र नीट वाचण्यासारखे आहे. टाकून दिलेली, जळलेली, अर्धवट सुटी केलेली गाडी रहदारीला धोका किंवा अडथळा होत असेल, तर ती तत्काळ हलवण्याबद्दल ते बोलते. तिथे जॅमरचा उल्लेखच नाही. माझ्या मते हेच बरोबर आहे. जी गाडी वाट अडवते आहे, तिलाच तिथे जखडून ठेवायचे हा कुठला न्याय? जॅमरचा उपयोग दंड वसूल करण्यासाठी. अडथळा दूर करायला क्रेनच हवी.

हा जॅमर आला कुठून, तेही सांगतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात फ्रँक मारुग नावाचे गृहस्थ होते, धंद्याने साचे बनवणारे आणि तिथल्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे. त्यांनी तो बनवला आणि १९५५ साली डेन्व्हरच्या पोलिसांनी वापरायला घेतला. थकलेला दंड भरायला लावणे हाच त्याचा हेतू. इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत जॅमर लावण्याचा इतका धंदा झाला, की २०१२ साली तिथे कायद्याने तो बंद करावा लागला.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका वसाहतीत गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाडीला जॅमर बसला. मालक गावाला गेलेला. गाडी ढकलावी, तर चाक जखडलेले. चौथ्या दिवशी रात्री एका काकूंच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण तोंडाशीच थांबली. चार मुलांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेले. काकू वाचल्या. जॅमर आणखी दोन दिवस तिथेच होता.

आमच्या खात्यात डबा फुकट उभा राहत नाही. माल उतरवायला ठरावीक वेळ मोफत, त्यानंतर दर वॅगनला दर तासाला डेमरेज लागते. व्यापारी धावत येतो तो दंडाला घाबरून नव्हे, घड्याळाला घाबरून. गंमत अशी, की रस्त्याच्या कायद्यातही हे घड्याळ होते! कलम २०१ मध्ये बंद पडलेली गाडी वाट अडवून ठेवल्यास ताशी पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. म्हणजे दिवसाला बाराशे. २०१९ च्या दुरुस्तीने रक्कम वाढवून पाचशे केली, ‘बंद पडलेली’ हा शब्द काढला, आणि ‘ताशी’ हा शब्दही गेला. दंड दहापट झाला म्हणून टाळ्या पडल्या असतील, पण दहा तासांनंतर जुना दर पाचशेला पोचत होता आणि पुढे वाढतच होता. महिनाभर गाडी टाकून देणाऱ्याला नवा नियम स्वस्तच पडला.

गाड्या टाकल्या का जातात, याची कारणे मात्र सगळीच बेफिकिरीची नाहीत. मालक वारतात, मुले परगावी असतात, कागदांवर नाव बदललेले नसते. कोणाचे कर्ज थकलेले असते. दिल्लीत त्यात वयाची भर पडली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयासाठी सक्तीची कारवाई नको असे न्यायालयाने सांगितले आणि डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. या उलटसुलट निर्णयांत माणूस ‘बघू काय होते ते’ म्हणून गाडी झाडाखाली लावतो आणि विसरतो. रेल्वेचा जुना आयसीएफ डबा पंचवीस वर्षांचा मानतात. मुदत संपली की कंडेम करून लिलावात काढतात. गाड्यांसाठीही २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रे आहेत. तिथे गाडी दिली की जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते घेतल्याशिवाय गल्लीतल्या कबाड्याला गाडी देऊ नका. नाव तुमचेच राहते.

उचललेल्या गाड्यांचे पुढे काय, हा प्रश्न ठाण्यांबाहेरचे सांगाडे पाहून पडतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले, की जप्त गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. फोटो काढा, हमी घ्या आणि सोडा, कोणी न आल्यास लिलाव करा. रस्त्यावरून उचलून ठाण्याच्या फुटपाथवर टाकली, तर अडथळ्याने फक्त पत्ता बदलला.

आपल्या हातात काय आहे? आमच्या प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी नंबर असतो. प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे साल, सगळे त्यात वाचता येते. गाडीलाही नंबर प्लेट आहे. तक्रार तोंडी केली की ‘बघतो’ हे उत्तर मिळते. नंबर, जागा आणि तारखेचे फोटो जोडून लेखी दिली, की दहा तास झाले हे कोणाला नाकारता येत नाही. वाहतूक पोलिसांचा १०९५ आहे, महानगरपालिकेचे एमसीडी ३११ ॲप आहे. त्याआधी मालकाच्या घरी एकदा जाऊन या. निम्म्या गाड्या चहाच्या कपावर हलतील, असा माझा अंदाज आहे.

वर्गणीच्या टेबलाशेजारी समितीने एक वही ठेवली आहे. आपापल्या ब्लॉकमधल्या अशा गाडीचा नंबर, जागा आणि पहिल्यांदा पाहिल्याची तारीख लिहा. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गाड्या लाल शाईने. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे ती वही घेऊन ठाण्यात जाणार आहोत. सकाळी दहा वाजता, कोणाला यायचे असेल तर या.