मुलुखगिरी आणि वतन

(रावपुऱ्यातील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. स्थापत्याची पदविका घेतली, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. रावपुऱ्यातून कोठीकडे रोजची ये-जा, दिवसभर मापं घ्यायची आणि गुजरातीत मापपोथी भरायची. तेव्हा आज दोन शब्दांचंच माप घेणार आहोत. एक मुलुखगिरी, दुसरा वतन.

आजकाल ‘मुलुखगिरी’ म्हटलं की मराठी माणसाला सहल आठवते. सुट्टीत कच्छला जाऊन आलो की आपण ऐटीत सांगतो, यंदा बरीच मुलुखगिरी झाली. अठराव्या शतकातल्या काठियावाडात या शब्दाचा अर्थ वेगळा होता. पावसाळा सरला, पिकं उभी राहिली की गायकवाडांची फौज खंडणीला निघे. पीक तयार असताना जायचं, कारण तेव्हाच ठाकोर लवकर वठणीवर येई. त्यानं वेळ काढला तर घोडी शिवारात शिरत. फौजेच्या चाऱ्यापाण्याच्या नावानं जो पैसा घेत, त्याला म्हणत ‘घासदाणा’. किती साधं, घरगुती नाव! कुणब्याच्या वर्षभराचा घास त्यात जाई.

1807 च्या सुमारास इंग्रज रेसिडेंट वॉकर यांनी ठाकोरांच्या रकमा बांधून दिल्या. 1820 मध्ये असं ठरलं की गायकवाडांनी तिकडे फौज पाठवायची नाही. खंडणी इंग्रजांनी वसूल करून बडोद्याला पोचती करायची. म्हणजे ज्या साम्राज्याला आपण पुढे नावं ठेवली, तेच आपलं वसुली खातं सांभाळत होतं. वाक्य बोचेल, पण हिशेब तसाच आहे.

हे आज काढायचं कारण असं. घरातला एक शाळकरी मुलगा मागे विचारत आला. वर्गातल्या मित्रानं त्याला थट्टेनं म्हटलं होतं, ‘‘तमे तो सुरत लूंटवा आवेला ने?’’ सुरतेचं उत्तर आपल्याजवळ आहे. 1664 साली सुरत हे मोगलांचं श्रीमंत बंदर होतं, आणि शाएस्तेखानानं पुण्यात तळ ठोकून महाराजांचा मुलूख उजाड केला होता. सुरतेच्या व्यापाऱ्याला ते पटो न पटो, उत्तर आहे. पण काठियावाडचं काय सांगायचं? तिथलं उभं पीक बादशहाचं नव्हतं. आणि बंगालचं? 1742 ते 1751 नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिकडे होत राहिल्या. आपल्या ‘बारगीर’चं तिथे ‘बर्गी’ झालं, आणि बर्गी आले म्हणून बाळाला निजवणारी अंगाई बंगाली आयांच्या तोंडी बसली. आपण अटकेपार झेंड्याचा देखावा हौसेनं करतो. 1758 चा तो पराक्रम खराच आहे. बर्गींचा देखावा मात्र कुठे पाहिला नाही. (वर्गणीही जमायची नाही म्हणा.)

मग काय माना खाली घालायच्या? आम्हाला तसं मुळीच वाटत नाही. 1911 च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात श्रीमंत सयाजीराव महाराज पंचम जॉर्जसमोर एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. इंग्रजी वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला! ही हकिकत आपल्या घराघरांत सांगतात, आमच्याही. सांगताना अजून ऊर भरून येतो. पण परक्या तख्तापुढे वाकताना महाराजांना काय वाटलं असेल हे ज्याला उमगतं, त्याला घासदाणा मोजणाऱ्या ठाकोराचं मनही उमगायला हवं. इंग्रजाच्या राज्याला लावलेली टेप आपल्या वाड्याशी आल्यावर गुंडाळून खिशात घालायची, हे आमच्या पेशात बसत नाही. आणि याच महाराजांनी 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गुजराती रयतेची मुलं शिकली ती गुजरातीतून. तलवारीनं मिळालेल्या मुलखाशी कसं नांदावं, हे त्या घराण्याला तोवर पुरतं कळलं होतं.

बंगालचीही गोष्ट अंगाईपाशी थांबली नाही. तिकडेच स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात, देवघरजवळ, 1869 साली सखाराम गणेश देऊस्कर जन्मले. त्यांनी लिहिलं बंगालीत. इंग्रजांनी देश कसा नागवला याचा हिशेब त्यांनी 1904 मध्ये ‘देशेर कथा’त मांडला, 1910 मध्ये सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. शिवाजी उत्सव बंगालात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि रवींद्रनाथांनी शिवरायांवर कविता लिहिली तीही 1904 चीच. बर्गींच्या देशात हे घडलं, हे विसरू नका. पुढे त्याच रवींद्रनाथांनी 1917 च्या ‘नॅशनॅलिझम’ या पुस्तकात राष्ट्राची पूजा बांधण्यावर कडक टीका केली. आपले विनोबा तर याच शहरात शिकले, आणि पुढे ‘जय जगत’ म्हणू लागले. त्यांच्या देशप्रेमाची झडती घेण्याची छाती कुणाची आहे?

आता दुसरा शब्द. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, देशमुखी असा पिढीजात हक्क. तो राखायला भाऊबंदांत मुडदे पडत. गुजरातीत वतन म्हणजे नुसतं आपलं मूळ गाव. ‘‘तमारुं वतन क्युं?’’ असं कुणी विचारलं की आपले ज्येष्ठ अजून क्षणभर थांबतात. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली, तेव्हा नातलग पलीकडे आणि आपण अलीकडे अशी स्थिती झाली. तरी कितीतरी घरांनी इथलं बिऱ्हाड हलवलं नाही. इथेच मुलींची लग्नं केली, इथेच सेव-उसळ खाल्ली.

आमच्या नोकरीच्या कागदांतही वतनाचा रकाना आहे. प्रवासाची सवलत त्यावर ठरते. तिथे कोकणातलं गाव घातलं असतं तर जाण्यायेण्याचं भाडं मिळालं असतं. आम्ही ‘वडोदरा’ लिहिलं. कुलदेवीची ओटी भरायला कोकणात जातो, ते पदरच्या पैशानं.