मनाचा रोग आणि देहाची हेळसांड
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहातील काटकसर इत्यादी विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण दरवर्षी ऐकत आला आहात. आज आम्ही ज्या विषयास हात घालीत आहोत, तो घरोघरी दबक्या आवाजात बोलला जातो आणि वधूवर-सूचक मंडळाच्या नोंदवहीत तर त्याचा मागमूसही लागू दिला जात नाही. स्किझोफ्रेनिया, ज्यास मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, तो हा विकार. परंतु त्यातील भासभ्रमांविषयी आम्ही बोलणार नाही. त्या रोग्याच्या देहाविषयी बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे. आमच्या घरात हा विकार बावीस वर्षे नांदतो आहे, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या दादांचा मुलगा महाविद्यालयात असताना आजारी पडला. औषध सुरू झाले, कानांतले आवाज शमले, झोप लागू लागली. त्याबरोबर भूकही अशी लागली, की रात्री दोनला उठून त्याने पोळ्यांचा डबा उघडावा. "काका, पोट भरतच नाही हो," असे तो आम्हांस म्हणे. वहिनी बिचाऱ्या आनंदाने तूपभात वाढीत. इतके महिने न जेवलेले पोर जेवू लागले होते ना! वर्षभरात त्याचे वजन ५८ किलोवरून ७६ वर गेले. आल्यागेल्याने म्हणावे, "पोर अंगाने भरले हो!" आणि आम्हीही मान डोलवावी. तिसऱ्या वर्षी तो तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागला व रात्रीतून चार-पाचदा उठू लागला. जुना विकार उलटला असे आम्ही समजलो आणि दोन महिने त्याच्या तहानेत वेड शोधीत बसलो. पुढे पायाची एक क्षुल्लक जखम भरेना, तेव्हा रक्त तपासले. उपाशीपोटीची साखर २८६ निघाली.

हा दोष कोणा डॉक्टरांच्या माथी मारण्याची आमची इच्छा नाही. डोळे आमचेच मिटलेले होते. ज्याचे मन बिघडले त्याची प्रत्येक तक्रार मनाचीच, असे आपण धरून चालतो. आणि तोही आपली व्यथा नीट सांगू शकत नाही.

या विकारावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये १९५२ साली वापरात आले. त्यानंतर निघालेल्या औषधांपैकी क्लोझापिन व ओलान्झापिन ही फार प्रभावी खरी, परंतु वजन व साखर वाढविण्यातही तीच अग्रेसर आहेत. पोट भरल्याची जाणीव देणारे मेंदूतील काही संदेश ती अडवितात, म्हणून भूक आवरत नाही. तेव्हा त्या रोग्यास अधाशी म्हणणे हा अन्याय होय. मात्र सारा दोष औषधाचाही नव्हे. वेडाचा विकार असलेल्या कुटुंबांत मधुमेह वारंवार आढळतो, असे हेन्री मॉड्स्ली या इंग्रज वैद्याने १८७९ सालीच नोंदविले होते. त्या काळी यांपैकी एकही औषध अस्तित्वात नव्हते. शिवाय या रोगात उत्साह ओसरतो, माणूस खाटेवर पडून राहतो आणि पुष्कळदा विडी-सिगारेटच्या आहारी जातो.

याचा परिणाम काय, तर असे रोगी इतरांच्या मानाने सुमारे १० ते २० वर्षे अगोदर जग सोडतात. आपणांस वाटते ते आत्मघाताने जात असतील. तसे काही जातात, हे दुर्दैव खरेच. परंतु बहुसंख्य जातात ते शरीराच्या रोगांनी, आणि त्यांत हृदयविकार प्रमुख आहे.

हे ऐकून कोणी भगिनी उद्या सकाळी मुलाची गोळी बंद करील, या भयाने आम्ही हे भाषण करण्यास कचरत होतो. तसे कदापि करू नये. फिनलंडमध्ये ११ वर्षांच्या नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि सर्वांत कमी आढळले ते क्लोझापिन घेणाऱ्यांत. औषध बदलणे, मात्रा कमी करणे किंवा जोडीस मेटफॉर्मिन देणे, हे मार्ग आहेत. पण ते डॉक्टरांनी योजावयाचे. आपण त्यांना विचारावयाचे, आणि न संकोचता विचारावयाचे.

घरी करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी यांची नोंद करून ठेवावी. वजन पहिल्या तीन महिन्यांत दर चार आठवड्यांनी पाहावे, व इतर तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा कराव्यात. अमेरिकेतील मधुमेहाच्या व मानसोपचाराच्या संस्थांनी २००४ साली एकत्र येऊन अशीच शिफारस केली. घेर मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे. उपवासाचे नाव घेऊन साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस यांचा जो मारा आपल्याकडे होतो, त्याविषयी अधिक बोलून आम्ही भगिनीवर्गाचा रोष ओढवून घेणार नाही.

आमचा पुतण्या आता दादांबरोबर रोज पहाटे टेकडीवर जातो. वजन ६९ वर आले आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर तो चोरून गोड चहा पितो, हे दादांना ठाऊक आहे, आणि दादांना ठाऊक आहे हे त्यालाही.

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस व रुग्णालयातील मुक्कामास रक्कम मिळते, परंतु रक्ततपासणीस मिळत नाही. मनोरुग्णांच्या वार्षिक तपासणीचा खर्च त्यात धरावा, व अर्जावर रोगाचे नाव लिहिण्याची सक्ती नसावी. नाहीतर अर्ज करण्यास कोणीच येणार नाही. वजनकाटा आम्ही घेऊन आलो आहोत. तो कार्यालयात जिन्याखाली ठेवला असून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही तेथे बसू.