पाड्यावरचं औषध आणि पेटंटचा परीक्षक

जव्हार-मोखाड्यात हगवण लागली की कुड्याच्या सालीचा काढा देतात. उद्या एखाद्या कंपनीने याच सालीच्या अर्कावर पेटंट मागितलं, तर ते सहजी मिळणार नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला शोध मानत नाही. शिवाय पेटंट कार्यालयाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना परीक्षकाला बजावतात, की झाडाचा गुण आधीच ठाऊक असेल तर त्यातलं मूळचंच द्रव्य वेगळं काढण्यात नवं काही नाही. कुडा परीक्षकाच्या हाती लागतो, कारण कुड्यापासून बनणारं कुटजारिष्ट आयुर्वेदाच्या ग्रंथांतून आलेलं आहे. पण जो पाला फक्त भगताला माहीत आहे, त्याचं काय? परीक्षक विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकून आलेला असतो. नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत तो कायदा शिकतो, नवेपणा पारखायला शिकतो, आणि पूर्वी कुठे काय छापलं गेलं ते धुंडाळायला शिकतो. कलम १३ सुद्धा त्याला कागदपत्रांतच शोधायला लावतं. समाजाचं तोंडी ज्ञान कायद्याला मान्य आहे, पण ते कलम २५ खाली, कुणी हरकत घेतली तर! अर्ज प्रसिद्ध झाल्याची खबर मोखाड्याच्या पाड्यावर पोचवणार कोण?

म्हणून वनस्पतीवरचा अर्ज आला की, त्यात सांगितलेलं तिचं मूळ ठिकाण पाहून तिथली लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पतींची आणि त्यांच्या वापराची नोंद, मागवायची, हे परीक्षकाला प्रशिक्षणातच शिकवावं. यावर कुणी म्हणेल, ऐकीव गोष्ट पुरावा कशी? प्रश्न रास्त आहे. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झालं ते डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लेखी दाखले पुढे ठेवले म्हणून. नुसत्या आजीबाईच्या बटव्यावर ते भागलं नसतं. पण तारीखवार नोंदवही हाही लेखी दाखलाच आहे. दुसरी शंका जास्त बोचरी: लिहून ठेवलं की विद्या चोराच्या हाती जाईल. मात्र कलम ३(पी)ला ज्ञान छापून प्रसिद्ध झालेलं असण्याची अट नाही. नोंदवही बंद ठेवून फक्त परीक्षकाला दाखवता येईल. अर्जांचा ढीग पाहता त्याला वेळ कुठून, असंही विचारलं जाईल. पण ही तसदी प्रत्येक अर्जाला नाही, वनस्पतींच्या अर्जांपुरतीच आहे. खरं कष्टाचं काम त्याआधीचं, गावातलं. भगत आणि सुईण यांना विचारून पाल्याचं वारली, कोकणा, ठाकरी नाव, कोणत्या दुखण्यावर, साल की मूळ, किती आणि कसं द्यायचं, हे सगळं उतरवून घ्यावं लागेल. ‘औषधी वनस्पती’ एवढंच लिहिलेल्या रकान्याचा परीक्षकाला काडीचा उपयोग नाही.