आजाऱ्यासाठी तुरीचे कढण

शहरात मटारच्या सुपाचे जे कौतुक, तेच बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तुरीच्या कढणाचे व्हावे. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले; मेहकरच्या गृहिणीस ती घरचीच.

अर्धी वाटी डाळ तासभर भिजवून चार वाट्या पाण्यात शिजवावी. विहिरीचे पाणी जड असल्यास ते आधी उकळून, निवळल्यावर वापरावे. सोडा घालू नये. त्याने डाळ लवकर शिजते, परंतु 'ब' जीवनसत्त्व नासते. चिंचही आरंभी नको. आंबटाने दाणा टणक राहतो. डाळ मऊ होताच घोटावी, मग मीठ, चिंचेचा कोळ व तुपाजिऱ्याची फोडणी द्यावी.

आजाऱ्यास वरचे निवळ पाणी देऊन तळची डाळ इतरांनी खाण्याची रीत मात्र सोडावी. पचेल तितकी घोटलेली डाळ त्यालाच द्यावी. खरा कस तळाशीच असतो.