जनावरांच्या हौदात कोणतं पाणी?

मार्च उलटला की गोठ्याचा हिशोब बदलतो. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर पाणी सहज पिते. दावणीला दहा जनावरं असली, तर चार ड्रम पाणी नुसतं पिण्यालाच लागतं. इकडे विहिरीनं तळ गाठलेला, टँकर दोन दिवसांआड. आणि जवळच्या शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून मात्र रात्रंदिवस पाणी वाहतंय. मग मनात येतंच, हे पाणी गुरांना पाजलं तर काय बिघडलं?

एक गोष्ट आधीच कबूल करू. गुरांच्या पोटात सांडपाणी आजही जातंच आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीच्या जलाशयात जातं. त्या वाटेवर किती गुरं पाण्यावर उतरत असतील! त्यापेक्षा नीट शुद्ध केलेलं पाणी केव्हाही बरं. पण 'नीट' म्हणजे किती, ते बघू.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराजवळ वेरिबी इथं १८९७ पासून शहराच्या सांडपाण्याचं मोठं शेत आहे. त्या पाण्यावर गवत वाढवायचं आणि त्यावर गुरं-मेंढ्या चारायच्या, असं तिथं पिढ्यान् पिढ्या चाललं. त्या देशानं पुढे यासाठी नियम केले. गुरांचा संबंध येणार असेल, तर पाणी आधी २५ ते ३० दिवस तळ्यात निवळत ठेवायचं किंवा तितक्याच खात्रीच्या गाळणीतून काढायचं. आणि डुकरांना हे पाणी द्यायचंच नाही.

एवढे दिवस कशाला? क्लोरीन टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. क्लोरीननं जुलाब-हगवणीचे बरेचसे जंतू मरतात. पण माणसाच्या आतड्यात फितीसारखा लांब पट्टकृमी असू शकतो, त्याची अंडी शौचावाटे सांडपाण्यात येतात. त्यांचं कवच जाड असतं. क्लोरीनला ती दाद देत नाहीत. मात्र ती पाण्यापेक्षा जड असतात. पाणी संथ ठेवलं, की हळूहळू तळाशी बसतात. ही अंडी गुरांच्या पोटात गेली, तर त्यांच्या मांसात अळीच्या गाठी होतात. डुकरांचा पट्टकृमी तर त्याहून वाईट. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. आपल्याकडे गावच्या गटारावर मोकळी डुकरं फिरतात, तेव्हा हा धोका आपल्या दारातच फिरत असतो. म्हणून पाणी काचेसारखं नितळ दिसलं तरी भुलू नका. अंडं डोळ्यांना दिसत नाही.

साठवणीचीही एक खोड आहे. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. उन्हात तळं तापलं, की त्यावर निळं-हिरवं शेवाळ धरतं, आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. ऑस्ट्रेलियातल्याच अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरं मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापली होती. तेव्हा पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला, की गुरं तिकडे फिरकू देऊ नका. पाण्यात नायट्रेट जास्त असेल, तर रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि जनावराला धाप लागते. कारखान्याचं पाणी मिसळत असेल, तर जड धातूंची भीती वेगळीच. तसलं पाणी हौदात नकोच.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की चांगलं पाणी आधी तोंडाला, शुद्ध केलेलं पाणी आधी रानाला. गोठा धुवायला आणि नेपियर, मका भिजवायला शुद्ध केलेलं पाणी वापरा. ते सरीतून द्या, तुषार सिंचनानं पानांवर उडवू नका, आणि कापणीआधी चारा काही दिवस कोरडा राहू द्या. त्यातून विहिरीचं जे पाणी वाचेल, ते हौदात. कास आणि दुधाची भांडी धुवायला मात्र विहिरीचंच पाणी घ्या, आणि वासरांनाही तेच पाजा.

हौदात शुद्ध केलेलं पाणी घालायची वेळच आली, तर केंद्रावर जाऊन तीन गोष्टी विचारा. यात कारखान्याचं पाणी येतं का? ते किती दिवस निवळतं, किंवा कशातून गाळलं जातं? आणि तपासणीचा ताजा अहवाल कुठे आहे? जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटलीभर नमुना तुम्हीही देऊन या आणि तो कागद पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. त्यांनी होकार दिला, तरच हौदाचा नळ उघडा.